काँक्रीटचा वाडगा आणि पदार्थविज्ञानाचा तास

‘घर्षण नगण्य माना’ हे वाक्य ज्याने कधीच वाचले नाही असा नववी-दहावीचा विद्यार्थी सापडणे कठीण. उतरणीवरून एक ठोकळा घसरतो, आपण त्याचा वेग काढतो, उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी जुळते आणि गणित संपते. तो ठोकळा पुढे कुठे जातो, कशाने थांबतो, याची चौकशी कोणी करत नाही. आता त्याच उतरणीवर ठोकळ्याच्या जागी तुमच्या वयाचा एक मुलगा चार चाकांच्या फळीवर उभा आहे असे समजा. लगेच प्रश्नांचा नूर पालटतो. उतरण कुठे संपते? तळाशी कोपरा आहे की गोलाई? फळीवर सरळ उभे राहावे की झुकावे? पडलो तर काय होईल? यांतला प्रत्येक प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे, आणि त्याचे चुकीचे उत्तर दिल्यास गुडघा सोलून निघतो.

विद्यार्थी मित्रांनो, अशा मुलांसाठी मुद्दाम बांधलेली जागा म्हणजे स्केटपार्क. जमिनीत खोदलेले आणि गुळगुळीत काँक्रीटने घडवलेले मोठमोठे वाडगे, पन्हळी आणि उंचवटे. या जागेविषयी मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली अशी की, पदार्थविज्ञान शिकण्यासाठी अशी जागा एखाद्या सुसज्ज प्रयोगशाळेइतकी मोलाची आहे. दुसरी अशी की, नुसते खेळून पदार्थविज्ञान येत नाही. या दोन विधानांत विरोध वाटेल, पण तो नाही. कसा नाही, ते पाहू.

तलाव आटले आणि खेळ बदलला

स्केटबोर्ड हा खेळ अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९५० च्या दशकात रुजला. समुद्राच्या लाटांवर फळीवरून घसरणाऱ्या मुलांनी, लाटा नसतील त्या दिवशी काय करावे म्हणून फळीला चाके लावली. सुरुवातीची चाके पोलादाची किंवा भाजलेल्या मातीसारख्या कठीण पदार्थाची होती. कठीण चाक रस्त्याला फारसे चिकटत नाही, आणि वाटेत बारीक खडा आला की अडते. फळी थांबते आणि वरचा स्वार जडत्वाच्या नियमाप्रमाणे पुढे जातो. १९७३ मध्ये फ्रँक नॅसवर्दी याने पॉलियुरेथेनची चाके बाजारात आणली. हा पदार्थ थोडा दबतो. त्यामुळे तो जमिनीला धरून राहतो आणि बारीक खडा आपल्यात दाबून घेऊन पुढे जातो. दबण्या-फुगण्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते खरी, पण त्याच्या बदल्यात वळणावर पकड मिळते.

पुढची घटना हवामानाची. १९७६-७७ साली कॅलिफोर्नियात मोठे अवर्षण पडले आणि कित्येक घरांमागचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले. तिकडच्या अनेक तलावांचा तळ आणि भिंती यांच्यामध्ये काटकोन नसतो, गोलाई असते. ही गोलाई आली ती बांधण्याच्या पद्धतीमुळे. सळयांची जाळी वाकवून तिच्यावर नळीतून दाबाने काँक्रीट फवारले, तर लाकडी साचा लागत नाही आणि हवा तसा आकार देता येतो. या फवारणी यंत्राचा जनक कोणी स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हता. शिकागोच्या संग्रहालयात मृत प्राण्यांच्या कातड्यांत पेंढा भरून ते जिवंत वाटावेत असे उभे करणारा कार्ल एकली याने १९०७ च्या सुमारास हे यंत्र तयार केले, आणि संग्रहालयाच्या इमारतीच्या डागडुजीसाठी ते उपयोगी पडले. एका संग्रहालयातील गरजेतून यंत्र निघाले, यंत्रामुळे गोल बुडाचे तलाव झाले, अवर्षणाने ते रिकामे पडले आणि मुले त्यांत चाके घेऊन उतरली. विज्ञानाचा इतिहास असा आडवळणाने जातो, म्हणून तो वाचायला गोड लागतो.

लोकांच्या तलावांत चोरून शिरण्यापेक्षा खेळासाठीच असे खड्डे बांधावेत, हा विचार लवकरच पुढे आला. १९७६ साली फ्लोरिडात आणि कॅलिफोर्नियात काँक्रीटचे स्केटपार्क सुरू झाले. ही लाट इंग्लंडला पोचली, आणि १९७८ मध्ये लंडनच्या पूर्वेकडील हॉर्नचर्च या उपनगरात रोम नावाच्या लहानशा नदीजवळ ‘द रोम’ हा स्केटपार्क बांधला गेला. त्याचा आराखडा एड्रियन रोल्ट याने केला. त्या काळी बांधलेले बहुतेक स्केटपार्क खेळाची लाट ओसरताच बुजवले गेले. हा टिकला. २०१४ मध्ये इंग्लंडने त्याला संरक्षित वास्तूंच्या यादीत दुसऱ्या श्रेणीत घातले. युरोपात असा मान मिळालेला तो पहिलाच स्केटपार्क. जुनी चर्चे आणि वाडे ज्या यादीत असतात, तिच्यात मुलांच्या खेळाचा एक खड्डा जाऊन बसला.

वाडग्याच्या काठावर

२०१७ च्या उन्हाळ्यात लंडनला थोरल्या भावाकडे गेलो असताना पुतण्याबरोबर मी हा स्केटपार्क पाहिला. भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट मार्गाने हॉर्नचर्चला उतरावे लागते. आजूबाजूला बैठी घरे, रहदारीचा रस्ता, एखाद्या शांत उपनगरात असते ते सगळे. आणि त्यात अचानक ही राखाडी, वळणावळणाची जमीन. सपाट जागा फारच थोडी. एकीकडे कासवांच्या पाठींसारखे उंचवटे, एकीकडे लांबलचक पन्हळ, आणि एका टोकाला कॅलिफोर्नियाच्या तलावासारखा खोल वाडगा. कुठे सांधा नाही, कुठे कोपरा नाही. आपल्याकडचा एखादा जाणता गवंडी ते काम पाहून क्षणभर थांबला असता. कारण उभ्या भिंतीवर काँक्रीट ओघळू न देता हाताने गोलाई आणणे किती अवघड, हे त्याला माहीत असते.

माझे लक्ष वेधले ते दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने. ती वाडग्याच्या काठावर उभी होती. फळीची शेपटी काठावर पायाने दाबून धरलेली, पुढची चाके हवेत. तिला तेथून खाली उतरायचे होते. ती पुढचा पाय दाबे, फळी खाली झेपावे, आणि मुलगी मात्र मागे झुकून पडे. गुडघ्यांवरच्या टोप्यांवर घसरत ती तळाशी जाई, फळी उचले, पुन्हा वर येई. पंधरा मिनिटांत मी तिचे अकरा प्रयत्न मोजले. बाराव्या वेळी ती खाली गेली ती थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत.

बाराव्या वेळी तिने काय वेगळे केले? ती पुढे झुकली. एवढेच. पण एवढ्याशा कृतीत पदार्थविज्ञानाचा एक उत्तम प्रश्न दडलेला आहे.

उताराला लंब

जमिनीवर आपण उभे राहतो ते ओळंब्याच्या दिशेत. उतारावर चालतानाही आपले शरीर उभेच असते. म्हणून उतारावरच्या फळीवरही तसेच उभे राहावे असे मन सांगते. पण फळी चालत नाही, ती मोकळी घरंगळते. फळी आणि स्वार दोघेही उताराच्या दिशेने जवळजवळ सारख्याच त्वरणाने खाली जातात. गुरुत्वाकर्षणाचा उताराला समांतर असलेला घटक हे त्वरण देण्यात खर्च होतो. तळपायांना जाणवतो तो उरलेला, म्हणजे उताराला लंब असलेला घटक. स्वाराच्या दृष्टीने ‘खाली’ ही दिशाच बदललेली असते. त्यामुळे तोल सांभाळायचा तर शरीर ओळंब्याला धरून नव्हे, उताराला लंब धरायला हवे. जो घाबरून मागे झुकतो त्याचा गुरुत्वमध्य चाकांच्या मागे राहतो, आणि फळी त्याला सोडून पुढे निघून जाते.

हे घरी पाहता येते. एका बाटलीत अर्धे पाणी भरा, ती खेळण्यातल्या चार चाकांच्या गाडीवर बांधा आणि लांब फळीच्या उतारावरून गाडी सोडा. गाडी हाताने अडवून धरली असताना पाण्याची पातळी क्षितिजसमांतर असते. गाडी मोकळी धावू लागली की पाणी थोडे हिंदकळते आणि मग त्याची पातळी उताराला समांतर होऊ लागते. पाण्याला भीती नसते, म्हणून ते पहिल्याच प्रयत्नात बरोबर वागते.

पुतण्याच्या आग्रहावरून मीही शिरस्त्राण आणि गुडघ्यांच्या टोप्या चढवून एका मंद उतारावर फळीवर उभा राहिलो. “काका, पुढच्या पायावर वजन द्या,” असे तो सांगत होता आणि माझी पाठ मागे जात होती. उताराला समांतर घटक मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो आहे. तळपायांना तो घटक त्या दिवशी पहिल्यांदा भेटला. दहा-बारा मीटरच गेलो असेन, पण तेवढ्यात ‘खाली’ची दिशा बदलते म्हणजे काय, ते अंगाला कळले.

तिप्पट वजन

आता वाडग्याच्या तळाशी जाऊ. भिंत म्हणजे वर्तुळाचा पाव भाग आहे असे माना. स्वार काठावरून, वेग शून्य असताना, खाली सुटला. काठाची उंची त्रिज्येइतकीच आहे. घर्षण थोडा वेळ बाजूला ठेवू. स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते, म्हणून तळाशी वेगाचा वर्ग गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या दुप्पट येतो. अभिकेंद्री त्वरण काढायला या वर्गाला त्रिज्येने भागायचे. त्रिज्या छेदली जाते आणि उत्तर येते गुरुत्वत्वरणाच्या दुप्पट! त्यात मूळचे एकपट वजन मिळवा. म्हणजे तळाशी जमिनीने स्वाराला वर रेटण्याचे बल त्याच्या वजनाच्या तिप्पट असते. ५० किलोग्रॅमच्या मुलाच्या पायाखाली त्या क्षणी वजनकाटा ठेवता आला, तर तो १५० दाखवील.

गंमत अशी की या उत्तरात त्रिज्या उरतच नाही. लहान वाडगा असो वा मोठा, तिप्पट ते तिप्पटच. मग मोठ्या वाडग्याचे भय अधिक का वाटते? कारण वेग अधिक असतो. ३ मीटर खाली आल्यावर वेग सेकंदाला सुमारे ७.७ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २८ किलोमीटर होतो. आणि खोल वाडग्यांत गोलाईच्या वर काही भाग सरळ उभा असतो. खोली ३ मीटर पण गोलाईची त्रिज्या २.४ मीटर असेल, तर हेच गणित साडेतीनपट वजन सांगते. हा आकडा स्वाराला सर्व वेळ सोसावा लागत नाही. पण सपाट तळावर तो एकपट वजनाने धावत असतो, आणि चाके गोलाईला लागताच, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, ते साडेतीनपट होते. रेल्वेचे अभियंते सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये हळूहळू वाकत जाणारा तुकडा घालतात, तो असा झटका बसू नये म्हणूनच. स्केटपार्कात तो तुकडा नसतो. त्याचे काम गुडघे करतात. ताठ गुडघ्यांनी गोलाईत शिरणारा मुलगा कोसळतो, तो याच कारणाने.

झोका आणि पंप

घर्षण आपण बाजूला ठेवले होते, ते आता परत घेऊ. घर्षण आणि हवेचा विरोध यांमुळे स्वार पलीकडच्या भिंतीवर मूळ उंचीपर्यंत पोचणार नाही. प्रत्येक फेरीला उंची घटत जाईल आणि काही फेऱ्यांनंतर तो तळाशी थांबेल. प्रत्यक्षात मात्र मुले जमिनीला पाय न लावता कितीतरी वेळ या भिंतीवरून त्या भिंतीवर जात असतात, आणि त्यांची उंची घटण्याऐवजी वाढते. ही ऊर्जा येते कुठून?

याचे उत्तर हॉर्नचर्चला शोधायला जायला नको. नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभ्याने झोका चढवणारी मुलगी पाहा. झोका टोकाला गेला की ती खाली बसते, आणि मधोमध येताना उभी राहते. स्केटबोर्डवाली मुले हेच करतात आणि त्याला ‘पंप’ म्हणतात. भिंतीवर वर पोचताना गुडघे वाकवायचे, आणि गोलाईतून जाताना, जिथे वजन दुपटी-तिपटीने वाढलेले असते, तिथे पाय ताठ करायचे.

हिशेब करू. ५० किलोग्रॅमचा मुलगा गोलाईत आपला गुरुत्वमध्य २० सेंटिमीटर उचलतो, आणि त्या वेळी पायांवर सरासरी अडीचपट वजन आहे असे धरा. त्याने केलेले कार्य सुमारे २४५ ज्यूल. भिंतीच्या वरच्या टोकाला तो पुन्हा खाली बसतो तेव्हा पायांवर जवळजवळ काहीच भार नसतो. त्यामुळे ही कमाई परत जात नाही. २४५ ज्यूल म्हणजे त्याच मुलाला अर्धा मीटर उंच नेणारी ऊर्जा. एका फेरीत घर्षणाने यापेक्षा कमी नुकसान होत असेल तर मुलगा वर वर चढत जाईल. याउलट सपाट तळावर त्याने कितीही उठाबशा काढल्या, तरी उठताना ९८ ज्यूल घालायचे आणि बसताना तेवढेच गमवायचे. वेग काडीचाही वाढत नाही.

हॉर्नचर्चच्या मुलांना मी विचारले, “पाय कुठे ताठ करता?” एकाही मुलाने चूक उत्तर दिले नाही. सगळ्यांनी गोलाईकडे बोट दाखवले. “सपाटावर का नाही?” याचे उत्तर मात्र, “तिथे जमत नाही,” यापुढे गेले नाही. “जड मुलगा जास्त उंच जाईल की हलका?” या प्रश्नावर तर त्यांच्यात दोन तट पडले आणि बराच वेळ वाद झाला.

माझे मत या ठिकाणी येऊन ठरले. मुले खेळता खेळता विज्ञान आपोआप शिकतात, असे हल्ली फार ऐकू येते. ते खरे नाही. तसे असते तर सुगरण पक्षी स्थापत्यशास्त्राचा प्राध्यापक झाला असता. शरीराला येणारे ज्ञान खरेच ज्ञान असते, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही; पण ते गुडघ्यांतच राहते. त्याला नाव द्यावे लागते, त्याचे माप घ्यावे लागते, ‘का’ असे विचारावे लागते, तेव्हा ते विज्ञान होते आणि दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडते. पंप कळलेल्या मुलाला झोकाही कळायला हवा.

तितकेच उलटही खरे आहे. आमच्या वर्गांत कार्याची व्याख्या घडाघडा म्हणणारे विद्यार्थी असतात, पण झोक्यावर उभी राहणारी मुलगी ऊर्जा कुठून आणते असे विचारले की ते गप्प बसतात. त्यांच्याकडे नाव आहे, माप आहे, पण वस्तू नाही. एकाकडे कुलूप, दुसऱ्याकडे किल्ली, आणि दोघांची गाठ कोणी घालून देत नाही. ही गाठ घालणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि ते चार भिंतींच्या आत पुरे होत नाही असे मला वाटते.

पडण्याचे गणित

यावर पालकांचा पहिला आक्षेप मी ओळखून आहे: मूल पडेल, त्याचे डोके फुटेल. आक्षेप रास्त आहे. काँक्रीट दया करत नाही. पण भीतीचेही गणित करता येते.

डोके १.६ मीटर उंचीवरून खाली आले, तर जमिनीला लागताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.६ मीटर असतो. हा वेग शून्य व्हायला जितके अंतर मिळेल, त्यावर आघात अवलंबून असतो. काँक्रीटवर उघडे डोके आपटले तर हे अंतर समजा २ मिलिमीटर. तेव्हा मंदन गुरुत्वत्वरणाच्या ८०० पट येते. शिरस्त्राणातील फेस चेपला जाऊन हेच अंतर २० मिलिमीटर झाले, तर मंदन ८० पट. अंतर दहापट, आघात दहावा हिस्सा. शिरस्त्राण सक्तीचे का, याचे यापेक्षा चांगले स्पष्टीकरण मला माहीत नाही. आणि मोटारसायकलच्या मागे बसताना शिरस्त्राण टाळणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी हे गणित आजच स्वतः करून पाहावे.

त्या मुलीच्या गुडघ्यांवरच्या टोप्याही याच तत्त्वावर चालतात. त्यांचे वरचे कवच मुद्दाम कठीण आणि गुळगुळीत असते. पडताना ती गुडघ्यांवर बसून गोलाईवरून घसरत गेली, म्हणजे थांबण्याचे अंतर तिने काही मीटर लांबवले. पडायला शिकणे हा या खेळाचा पहिला धडा असतो. अकरा वेळा पडून ती मुलगी हसत उभी राहिली, त्यात धीटपणा होताच, पण अंतराचा हिशेबही होता.

लहान शरीराचा या खेळात एक फायदाही आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, वाडग्यातील स्केटबोर्डच्या स्त्रियांच्या स्पर्धेत रौप्यपदक मिळवणारी जपानची कोकोना हिराकी १२ वर्षांची होती आणि कांस्यपदक मिळवणारी ब्रिटनची स्काय ब्राउन १३ वर्षांची. २०२४ मध्ये पॅरिसला याच प्रकारात ऑस्ट्रेलियाच्या अरिसा ट्रू हिने १४ व्या वर्षी सुवर्णपदक मिळवले. सराव आणि हिंमत तर आहेच. पण हवेत गिरकी घेताना शरीराची निरूढी जितकी कमी तितके बरे. एकाच घडणीच्या दोन शरीरांपैकी एक १० टक्के लहान असेल, तर त्याची निरूढी ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.५९ पट असते. उंचीत दहावा हिस्सा कमी, पण निरूढीत चाळीस टक्के घट!

आपल्याकडे काय करावे

दुसरा आक्षेप पैशाचा आणि जागेचा. आमच्या शाळेला धड मैदान नाही, तिथे हे परदेशी खूळ कशाला? हा आक्षेप पहिल्यापेक्षा वजनदार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेसाठी जी मानके घालून दिली, त्यांत क्रीडांगणाचा समावेश आहे. तरी शहरांतील कितीतरी मुलांच्या वाट्याला येते ते वाहनतळाचा कोपरा, आणि तिथेही ‘येथे खेळू नये’ अशी पाटी. अशा वेळी प्रत्येक गावात स्केटपार्क हवा असे मी म्हणणार नाही. कोकणात वर्षातले चार महिने असा वाडगा ओला राहील, आणि ओल्या काँक्रीटवर चाकांची पकड सुटते. उत्तम निचरा नसेल तर त्याचे डबके होईल आणि मुलांऐवजी डास खेळतील.

पण हे श्रीमंत देशांचेच काम आहे हे मात्र मला मान्य नाही. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे खेडे आहे. तिथे २०१५ मध्ये काँक्रीटचा स्केटपार्क उभा राहिला. तिथले दोन नियम प्रसिद्ध आहेत: शाळेत गेला नाहीत तर स्केटबोर्ड नाही, आणि मुलींचा नंबर पहिला. ज्या खेड्याचे नाव नकाशात शोधावे लागते तिथली मुले ताशी वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने गोलाई चढतात, तर जिथे दर वर्षी नव्या बागेत कारंजे आणि पुतळा बसवला जातो त्या शहरांनी एका कोपऱ्यात एखादा वाडगा का बांधू नये? आपल्याकडे मोठ्या शहरांत चाकांच्या बुटांवरचे स्केटिंग शिकवणारे वर्ग पुष्कळ आहेत, पण ते चालतात सपाट रिंगणात. सपाट रिंगणात वेग आहे, वळण आहे. ऊर्जेची देवघेव मात्र नाही.

आणि तेवढेही जमणार नसेल, तर शाळेच्या अंगणात कंबरभर उंचीची, वर्तुळाच्या तुकड्यासारखी काँक्रीटची एकच पन्हळ पुरे. तिच्या कडेला दर १० सेंटिमीटरवर रंगाने रेघा ओढाव्यात. चेंडू सोडा, गाडी सोडा, शिरस्त्राण घातलेला मुलगा सोडा, आणि प्रत्येक फेरीला तो कोणत्या रेघेपर्यंत चढला ते वहीत लिहा. घर्षण नगण्य आहे की नाही, हे मुलांनी मोजून सांगावे. पुस्तकाने आधीच सांगून टाकू नये.

करून पाहा

पन्हळ बांधली जाईपर्यंत थांबण्याची गरज नाही. स्वयंपाकघरातून गोल बुडाची, आतून गुळगुळीत कढई मागून आणा आणि ती वाटोळ्या चुंबळीवर स्थिर ठेवा. तोंडाचा व्यास आणि मधली खोली मोजा. अर्ध्या व्यासाचा वर्ग आणि खोलीचा वर्ग यांची बेरीज करून तिला खोलीच्या दुपटीने भागले की गोलाईची त्रिज्या मिळते. व्यास ३२ सेंटिमीटर आणि खोली ८ सेंटिमीटर असेल, तर त्रिज्या २० सेंटिमीटर येते. आता एक काचेची गोटी तळापासून थोड्या उंचीवरून सोडा आणि पाच पूर्ण आंदोलनांना लागणारा वेळ मोजा.

गोटी न फिरता नुसती घसरत असती, तर ती २० सेंटिमीटर लांबीच्या लंबकासारखी वागली असती आणि पाच आंदोलनांना सुमारे साडेचार सेकंद लागले असते. तुमच्या घड्याळात सव्वापाच सेकंदांच्या आसपास वेळ येईल. हा पाऊण सेकंद कुठून आला? गोटी घरंगळते, म्हणजे स्वतःभोवती फिरते, आणि तिच्या गतिज ऊर्जेचा दोन सप्तमांश भाग या फिरण्यात अडकतो. स्केटबोर्डची चाके स्वाराच्या मानाने अगदी हलकी असतात, म्हणून त्याची ऊर्जा अशी अडकत नाही. यानंतर कढईला आतून तेलाचा हात फिरवा आणि पुन्हा मोजा. वेळ कमी होतो, वाढतो की तेवढाच राहतो? आधी अंदाज लिहा, मग गोटी सोडा. अंदाज आणि माप जुळले नाही तर कोणताही आकडा खोडू नका. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वही सरांना किंवा बाईंना दाखवा, आणि त्या फरकावर एक तास मागून घ्या.